रिक्षातून कोण उतरलं

तस्नीमखाला : नको नको, त्या खोक्यात नको घालू ते. खोकी जहाजानं जायची, कधी पोचतात ती अल्ला जाणे. ते हिरवं कापड माझ्या हातातल्या बॅगेत ठेव, अगदी वर.

इस्मत : खाला, ह्या बॅगेत आता मुंगीला जागा नाही. खजूर कोंबलाय, कादिरची जुनी इस्त्री कोंबलीय. जेद्दाला विमान बदलताना अडवतील तुम्हाला.

तस्नीमखाला : अडवू देत. म्हातारीला कोण अडवतंय! वाटलं तर खजूर काढ. इस्त्री काढ. कापड राहायला हवं.

इस्मत : एवढं कुणाचं आहे ते?

तस्नीमखाला : कुणाचं म्हणजे? सकीनाचं.

उझमा : कौनसी सकीना?

तस्नीमखाला : ऐकलंस तुझ्या पोरीचं? दर शुक्रवारी आपल्यात बसून मासळी साफ करायची, सकीनाचं सगळं कान देऊन ऐकायचं, आणि आता विचारते कौनसी सकीना! अगो, जैतापूरची सकीना. तुझ्या आईच्या गावची.

उझमा : ओ माय गॉड. अम्मी, खाला को लगता है कि...

इस्मत : उझमा, आतून चिकटपट्टी आण.

उझमा : अम्मी, चिकटपट्टी तुझ्या हातात आहे.

तस्नीमखाला : काय झालं? एकमेकींकडं अशा काय बघता दोघी? रंग नाय आवडला? अफशाँला घेऊन गेले होते बाजारात. तिला म्हटलं, सकीना सावळी हाय, तिला हिरवं खुलंल. अफशाँ नुसती हसत सुटली. तिला काय झालंय हसायला, मला कळलं नाय.

इस्मत : खाला, तुम्ही जरा बसा बघू. ह्या गादीवर बसा. मला तुमच्याशी बोलायचंय.

तस्नीमखाला : बसून कसं चालंल? परवा सकाळी गाडी येईल दारात. माझा कादिर आता नोकरीसाठी त्या हफ्र अल बातिनच्या कॅम्पात जायचा, तिथं बायकापोरांना जागा नाय. सून पोरांना घेऊन मुंब्र्याला आईकडं चालली. मला सगळे सांगतात, खाला, तुम्ही पण मुंब्र्याला जावा, दाभोळच्या बंद घरात एकट्या कशा राहाल? मी म्हटलं, एकटी कोण म्हणतं? मी सकीनाला आणते.

इस्मत : आणता म्हणजे? कुठं आणता?

तस्नीमखाला : माझ्या घरी गो! बापाच्या घरात त्या भावजयीनं तिला मागच्या अंधाऱ्या खोलीत टाकलीय ना? माझ्याकडं तिला खाडीकडची खोली देते. दोन्ही खिडक्या उघडल्या की वारा असा येतो, पंखा लागत नाय. सकाळी मी भाकऱ्या थापीन, ती भाजील. तिला कुणाचं ऐकून घ्यायला नको आणि मला भिंतींशी बोलायला नको. तो सर्व्हेवाला इब्राहिम आलाच परत, तर निका माझ्या अंगणात लावू. नाय आला तर गेला उडत. पोरीला तिच्या हक्काचं घर तरी मिळंल.

उझमा : अम्मी, प्लीज, सांग ना त्यांना.

इस्मत : सांगते. खाला, मी शुक्रवारी ते सांगायचे ना, ते...

तस्नीमखाला : घाबरू नको, मी तुझं नाव मध्ये आणायची नाय. गावात तुला कुणी बोल लावायला नको. मी सगळं रीतीनं करते. हुसेनमियाँला पाठवलाय मी जैतापूरला.

इस्मत : कोणाला पाठवलंय?

तस्नीमखाला : हुसेनमियाँला. माझा भाऊ. एसटीनं गेला. त्याला सांगितलं, तू बाप्यामाणूस हायस, थेट पोरीची चौकशी करू नको. घर बघ, दार बघ, शेजारी कोण हाय ते बघ आणि...

उझमा : खाला, सकीना नहीं है. सकीना नाहीये कुणी. ती गोष्ट आहे. नॉव्हेल आहे. अम्मी बुकमधली स्टोरी सांगायची तुम्हा सगळ्यांना. सगळ्यांना माहीत आहे.

तस्नीमखाला : काय म्हणते ही?

इस्मत : खरं म्हणते, खाला.

तस्नीमखाला : मला काय येडी समजलात? गोष्ट कशी? गोष्टीत राजा असतो, जिन असतो, परी असते. हिच्यात भावजय अंडी मोजून ठेवते! कुठल्या गोष्टीत भावजय अंडी मोजते?

इस्मत : ह्याच. पहिल्या शुक्रवारीच मी सगळ्यांना सांगितलं होतं, कॉलेजात वाचलेलं इंग्रजी पुस्तक सांगते म्हणून. तुम्ही तेव्हा इथं सौदीत आला नव्हता. तुम्ही आलात तेव्हा गोष्ट मध्यावर होती. नावं मीच बदलली होती, गाव बदललं होतं. नाहीतर कुणी ऐकलं नसतं. पण तुम्ही खरंच... खाला, माझ्या ध्यानातच आलं नाही हो.

तस्नीमखाला : शुक्रवारी सगळ्या आपापल्या गावची खबर सांगायच्या. अफशाँ खेडची, तस्सं मी दाभोळची. हुसेनमियाँचा फोन आला की मी सांगायचे, कोण गेलं, कुणाला पोरगा झाला. मग तुझी पाळी आली की तू सकीनाचं सांगायचीस. मला काय ठाऊक, त्यातलं एक खरं आणि एक...

इस्मत : माझ्या गावाहून मला कुणाचा फोन येत नाही, खाला. सांगायला खबरच नसायची माझ्याकडं. म्हणून तर गोष्ट काढली.

तस्नीमखाला : मी नमाजेनंतर तिच्यासाठी दुआ मागत होते. रोज. कादिरच्या आधी तिचं नाव घ्यायचे. आता अल्लानं काय म्हणायचं मला?

उझमा : खाला, डोन्ट क्राय ना. मी पण फसलेय. सच में. मी लहानपणापासून अम्मीच्या तोंडून ऐकलेली ही स्टोरी. बी.ए.ला हेच बुक लागलं आम्हाला. वाचायला घेतलं तर त्यात रिक्षाच नाही! घोडागाडी. मी परीक्षेत लिहून आले, सकीना इज अ व्हेरी पेशंट वुमन. मॅडमनं पूर्ण क्लाससमोर विचारलं, हू इज सकीना?

तस्नीमखाला : हसवू नको मला. मी रागावलेय.

इस्मत : रागवा. तुमचा हक्क आहे.

(इस्मत हिरव्या कापडाची घडी घालते, उलगडते, पुन्हा घालते. बॅगेत ठेवावं की बाहेर, तिला ठरवता येत नाही.)

तस्नीमखाला : मग रिक्षातून कोण उतरलं?

इस्मत : काय?

तस्नीमखाला : अगो, दुपारची वेळ. घरात सगळी झोपलेली. सकीना ओटीवर तांदूळ निवडत बसलेली. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, ती उठून फाटकाशी गेली, हात कडीवर ठेवला. तिथं थांबवलंस तू. त्यानंतर किती शुक्रवार गेले! दरवेळी विचारलं की म्हणायचीस, पुढचं कळलं नाय. मी समजले, तुझ्या गावात कुणी फोन उचलत नसंल. आता पुस्तक हाय म्हणतेस, तर पुस्तकात असंलच की. सांग. इब्राहिम आला का?

इस्मत : पुस्तकातही तिथंच थांबलंय.

तस्नीमखाला : पानं फाटली असतील. दुसरं आण.

इस्मत : फाटली नाहीत. लिहिणारी बाई वारली, खाला. लिहिता लिहिता आजारी पडली आणि गेली. सकीनाचा हात कडीवरच राहिला.

तस्नीमखाला : इन्ना लिल्लाही... कधी गेली? बरं नव्हतं, तर तू बोलली नाहीस ती?

उझमा : खाला, टू हंड्रेड इयर्स झाले. दोनशे साल.

तस्नीमखाला : दोनशे!

इस्मत : विलायतेची होती. खेड्यातली. तिचं नाव...

तस्नीमखाला : नाव राहू दे, माझ्या तोंडी बसायचं नाय. बाईच म्हण. लग्न झालेलं?

इस्मत : नाही.

तस्नीमखाला : म्हणजे भावाच्या घरी राहिली असंल.

इस्मत : हो. भावाच्याच.

तस्नीमखाला : तरीच! तरीच म्हणते मी, हिला अंडी कशी ठाऊक. ज्या बाईला भाऊ विचारत नाय, ती ओटीवर बसून सगळं बघते. कुणाच्या ताटात काय वाढलं, कुणाला बसायला सांगितलं नाय, कुणाची खाट हलली. सुखात असलेली बाई असलं कशाला बघंल! आणि वाचतात लोक अजून तिचं?

उझमा : वाचतात? खाला, लोक पागल आहेत तिच्यासाठी. जपानहून येतात तिचं घर बघायला. तिच्या जमान्याचे लंबे फ्रॉक घालून फिरतात तिच्या गावात. तिचं एवढुसं टेबल आहे, त्याच्यापुढं रांग लावतात. क्लब आहेत, व्हिडिओ आहेत. रिक्षातून, आय मीन घोडागाडीतून कोण उतरलं, ह्याच्यावर तर ऑनलाइन रोज भांडणं. किती लोकांनी आपापला एन्ड लिहिलाय माहितीये?

तस्नीमखाला : मग सांग की त्यातला एक.

उझमा : एकात इब्राहिमच उतरतो. ही इज रिच नाउ.

तस्नीमखाला : हं. पैसेवाला झाला म्हणून आला तर कशाला हवा? दुसरा.

उझमा : दुसऱ्यात वकील येतो, सांगतो की पूरा घर सकीनाचंच होतं. भावजय आउट.

तस्नीमखाला : ऐकायला बरं वाटतं. पण असं होतं काय कुठं? आणखी?

उझमा : एकात इब्राहिमची बायको उतरते. लहान बेबी घेऊन.

तस्नीमखाला : मेलीच्यांनो! काही लाज? नाय गो, ह्यातलं एकही त्या बाईच्या हातचं नाय. दुसऱ्याच्या हातचं वाटण लगेच कळतं. तिनं सांगितलं असतं तर इब्राहिम नसता आला तरी मला पटलं असतं. आणि घर कोण सांभाळतं म्हणालीस? बाईच्या मागं तर मूल नाय.

इस्मत : वाचणारेच सांभाळतात. देखभाल ठेवतात, खिडक्या पुसतात. बागेत तिच्या वेळची फुलं लावलीत म्हणे. मला एकदा जायचं होतं तिथं. फार जायचं होतं. रत्नागिरीच्या कॉलेजात असताना बाईंनी वर्गात तिच्या घराचा फोटो दाखवला होता. मी अब्बांना म्हटलं, मी एम.ए. करीन, मास्तरीण होईन आणि एकदा तरी ते टेबल बघून येईन. अब्बा म्हणाले, जा की, कोण अडवतंय! मग अब्बा आजारी पडले. मग निका झाला आणि मी इथं यान्बूला आले. जुनैदच्या कारखान्याच्या चिमण्या बघत बसले. तक्रार नाही माझी. माणूस चांगला आहे. पण ती बाई नसती ना, तर मी इथली पहिली वर्षं काढली नसती, खाला. दुपारी सगळं गप्प असायचं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी तिचं पुस्तक उघडायचे आणि मोठ्यानं वाचायचे. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायला.

उझमा : तू मला कधी बोलली नाहीस हे.

इस्मत : तुला काय बोलायचं? तुला व्हिडिओ पुरतात.

तस्नीमखाला : भांडू नका. इस्मत, मला एक गोष्ट जुळत नाय. सकीना नाय, तर मग हुसेनमियाँला लोकांनी घर कुठलं दाखवलं?

इस्मत : घर दाखवलं?

तस्नीमखाला : मगाशी सांगत होते तर ही पोरगी मध्येच बोलली. सकाळीच त्याचा फोन येऊन गेला. जैतापूरला उतरला, मशिदीच्या मागच्या दुकानात बसला. म्हणाला, खाडीच्या अंगाला, फाटकाशी दोन फणस असलेलं घर कुठलं? बापाचं दुखणं काढलेल्या पोरीकडनं भावजयीनं चाव्या काढून घेतल्या, ते घर? दुकानदारानं जागेवरनं बोट दाखवलं. म्हणाला, ते काय समोर. मी तुला हेच सांगणार होते, घर सापडलं म्हणून. मी तर मिठाई आणायला सांगणार होते कादिरला.

इस्मत : आणखी काय म्हणाला दुकानदार?

तस्नीमखाला : म्हणाला, पण तिचं नाव सकीना नाय. आणि ती आता इथं नाय, सौदीला हाय. हुसेनमियाँ म्हणाला, आपा, तू चुकीचं नाव सांगितलंस. मी त्याला फोनवर शिव्या घातल्या. म्हटलं, बहिऱ्या, तूच चुकीच्या घरासमोर उभा हायस.

उझमा : अम्मी?

इस्मत : फणस अजून आहेत म्हणाले का?

तस्नीमखाला : एक हाय. दुसरा तोडला. पुढं पत्र्याची शेड घातलीय.

इस्मत : डाव्या हाताचा तोडला असेल. तो वहिनींना कधीच नको होता. पानं पडतात म्हणायच्या.

उझमा : अम्मी, व्हॉट इज दिस? बुकमध्ये पण कीज आहेत ना? चाव्या?

इस्मत : नाहीत. पुस्तकात तिला मागच्या खोलीत हलवतात, अंडी मोजतात, तेवढंच आहे. चाव्या नाहीत. तू वाचलंयस म्हणतेस ना पुस्तक?

उझमा : समरी वाचली.

इस्मत : चाव्या माझ्या होत्या. अम्मी गेल्यापासून माझ्या कमरेला असायच्या, तांदळाच्या कोठीची, कपाटाची. अब्बा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं. बायका अजून हात धूत होत्या. वहिनी सगळ्यांसमोर हात पुढं करून म्हणाल्या, आता तुला कशाला त्रास. मी दिल्या. भाऊ तिथंच उभा होता, पान खात. काही बोलला नाही. वाईट बोलल्या असत्या त्या, भांडल्या असत्या, तर मीही भांडले असते. पण त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की मला नाही म्हणताच आलं नाही. मग शुक्रवारी तुमच्यासमोर सकीनाचं सांगताना त्या चाव्या कधी मध्ये आल्या मला कळलंच नाही. त्या बाईनं जे लिहिलंय ते इतकं आमच्या घरासारखं आहे ना, खाला, की तिचं कुठं संपतं आणि माझं कुठं लागतं, हेच मला आताशा समजत नाही.

तस्नीमखाला : त्या दिवशी तू उठून आत गेली होतीस. म्हणालीस, मसाल्याचा हात डोळ्याला लागला.

इस्मत : हो.

तस्नीमखाला : नंतर गेलीसच नाय जैतापूरला?

इस्मत : दोनदा गेले. पहिल्या वेळी पाहुण्यांसारखं बाहेरच्या खोलीत बसवलं, सरबत दिलं. चांगल्या ग्लासात. दुसऱ्या वेळी मी फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. आता सुट्टीला जातो ते सगळे जुनैदच्या घरी. तिथं मी सून आहे, पहाटे उठते, सगळ्यांचं करते. बाकीच्या इथं म्हणतात ना, यल्ला, सुट्टी लागली, माहेरी चाललो, बॅगा भरायच्या! मी पण भरते बॅगा. भावासाठी अत्तर, वहिनीसाठी कापड घेऊन ठेवते दरवर्षी. मग दरवर्षी ते दुसऱ्याच कुणाला देऊन टाकते.

उझमा : अम्मी, इकडे ये. ये ना.

इस्मत : सोड गं. रडत नाहीये मी.

तस्नीमखाला : रड. मी मगाशी रडले तेव्हा तुम्ही मला काय सांगितलंत? आता तू रड. आणि रडून झालं की माझं ऐक. मला सकीना हवी होती कशाला? मला काय तिच्या हातचं खायचं नव्हतं. दाभोळचं दार उघडलं की आत कुणी पाठमोरं दिसावं, एवढंच. ह्या वयात एकटं घर उघडायचं म्हटलं की मी रात्री उठून दिवा लावून बसते गो. कादिरला नाय सांगितलं मी. त्याला वाटतं अम्मी खंबीर हाय.

इस्मत : मला माहीत आहे, खाला. म्हणून तर मला सांगायला जड जात होतं. तुमच्याकडनं सकीना काढून घ्यायची म्हणजे...

तस्नीमखाला : काढून काय घेतलीस? हाय तिथंच हाय. जून महिन्यात तुमची सुट्टी लागते ना?

इस्मत : लागते.

तस्नीमखाला : जुनैदला त्याच्या घरी जाऊ दे. त्याच्या आईला तो हवा, तिला तू नको. तू माझ्याकडं ये. ही पोरगी हवी तर हिलाही आण. तिला मी पुस्तकाशिवाय गोष्टी सांगीन.

उझमा : मी येईन. पक्का. पण वायफाय आहे का?

तस्नीमखाला : वारा हाय, तेवढा पुरे. आणि इस्मत, ती बाई गेली, तिच्या घरच्यांनी तिला रडून तरी घेतलं का?

इस्मत : बहीण होती एक. तिनं सगळं केलं शेवटचं.

तस्नीमखाला : बरं झालं. बहीण होती तर बरं झालं. मी तिच्यासाठी दुआ मागीन आजपासून.

उझमा : खाला, शी वॉज ख्रिश्चन.

तस्नीमखाला : असू दे. माझ्या घरात माणूस आणून दिलं तिनं. अल्ला बघंल काय करायचं ते. तू बोलली नाहीस काही, इस्मत. येणार का?

इस्मत : मला भीती वाटते, खाला. मी फाटकाशी येऊन परत फिरेन.

तस्नीमखाला : फाटकच नाय माझ्या घराला. ये. भात टाकून ठेवते.

इस्मत : किती दिवस येऊ?

तस्नीमखाला : माहेरी आलेल्या पोरीला कुणी असं विचारतं काय गो?